जुने काढू नका, शेजारी नवे मांडा!

एकाच संगणकावर ‘पायथन’च्या अनेक आवृत्त्या कशा नांदवाव्यात?

– खास प्रतिनिधी

हेमलकसा – आलापल्ली मागे पडली की भामरागडचा रस्ता दाट जंगलात शिरतो. साठेक किलोमीटरच्या या वाटेवर मोबाइलची रेषा एकेक करून कमी होत जाते आणि शहरातून आलेल्या माणसाला, आपण आता फक्त आपल्याजवळ जे आहे त्यावरच अवलंबून आहोत, याची जाणीव होते. भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला, तेव्हा गडचिरोली हा जिल्हाही अस्तित्वात नव्हता. हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभारलेला दवाखाना, १९७६ मध्ये सुरू झालेली शाळा आणि २००८ मध्ये या दांपत्याला मिळालेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे.

आजचा विषय मात्र संगणकाचा आहे. तो पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दालनात बसूनही समजावून सांगता आला असता. परंतु प्रस्तुत प्रतिनिधीला त्याचे खरे महत्त्व कळले ते याच तालुक्यात, आणि तेही स्वतःच्या चुकीमुळे. म्हणून सुरुवात त्या चुकीपासूनच करणे योग्य ठरेल.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्ट महिन्यात शहरातील काही हौशी मित्रांबरोबर या परिसरातील एका लहान शाळेत जाण्याचा योग आला. (ही शाळा लोकबिरादरीची नव्हे, तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही.) नववीच्या मुलांना ‘पायथन’ या संगणकभाषेची तोंडओळख करून द्यावी, असा बेत होता. शाळेत एकच बऱ्यापैकी चालणारा संगणक होता आणि तो कार्यालयात होता. त्यावर ‘पायथन’ची जुनी, २.७ ही आवृत्ती आढळली. आम्ही पेन ड्राइव्हमधून ३.८ आणली होती. ‘जुने कशाला ठेवायचे? गोंधळ होईल,’ असे म्हणून जुनी आवृत्ती काढून टाकण्याचा सल्ला याच प्रतिनिधीने दिला आणि तो तत्काळ अमलातही आला. दुपारचा वर्ग छान झाला. मुले खूश, आम्हीही खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिपिकांनी घटक चाचणीची गुणपत्रके काढण्यासाठी नेहमीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. एक काळी चौकट क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. गुणपत्रकांची ती छोटी आज्ञावली पूर्वीच्या एका शिक्षकांनी लिहून ठेवलेली होती आणि ती जुन्या ‘पायथन’वर चालणारी होती. ते शिक्षक बदलून गेलेले. बाहेर पावसाची झड, रस्त्यावरच्या नाल्याला पाणी, मोबाइलला रेंज नाही. जी आवृत्ती आम्ही पुसून टाकली होती, ती वीस मेगाबाइटच्या आसपासची एक फाइल. शहरात ती चहा निवेपर्यंत उतरवून घेता आली असती. तेथे ती मिळायला तीन दिवस लागले. तोवर दोन शिक्षक रात्री कंदिलाच्या उजेडात गुणांच्या बेरजा हाताने करीत बसले होते.

चूक संगणकाची नव्हती आणि ‘पायथन’चीही नव्हती. ‘नवे आले म्हणजे जुने गेलेच पाहिजे’ हा समज चुकीचा होता. एकाच संगणकावर एका भाषेच्या दोन, चार, दहा आवृत्त्याही सुखाने नांदू शकतात. त्या कशा, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

आवृत्ती बदलते म्हणजे काय?

‘पायथन’ ही भाषा नेदरलँड्सच्या गुइडो व्हान रॉसम यांनी घडविली. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये लोकांसमोर आली. नाव अजगरावरून ठेवलेले नाही, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ठेवलेले आहे. २००० मध्ये दुसरी पिढी, म्हणजे २.० आली. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आली आणि येथेच खरा पेच निर्माण झाला. कारण भाषेतील काही जुने दोष मुळातूनच काढायचे ठरवून या आवृत्तीने मागच्या पिढीशी असलेला धागा जाणूनबुजून तोडला. दुसऱ्या पिढीत लिहिलेली आज्ञावली तिसऱ्या पिढीत जशीच्या तशी चालेलच, अशी हमी राहिली नाही. दुसऱ्या पिढीची शेवटची शाखा २.७ ही २०१० मध्ये आली. तिचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती प्रसिद्ध करून ते दार बंद करण्यात आले.

हा फरक किती खोल आहे, हे तीन साध्या उदाहरणांवरून ध्यानात येईल.

पहिले उदाहरण ‘प्रिंट’ या आज्ञेचे. पडद्यावर काही उमटविण्यासाठी जुन्या पिढीत ‘प्रिंट’ लिहून पुढे मजकूर लिहिला की भागत असे. नव्या पिढीत तो मजकूर कंसात घालावा लागतो. कंस नसेल तर संगणक आज्ञावली सुरू करण्याआधीच अडून बसतो. आमच्या शाळेत काळी चौकट चमकून विझली ती याचमुळे. चूक सांगणारे वाक्य त्या चौकटीत उमटले होते, पण वाचण्याआधीच चौकट मिटली.

दुसरे उदाहरण भागाकाराचे, आणि ते अधिक धोक्याचे आहे. समजा, एका विद्यार्थ्याला पाच विषयांत मिळून ३४३ गुण आहेत. सरासरीसाठी ३४३ ला ५ ने भागले, तर जुनी पिढी उत्तर देते ६८. नवी पिढी देते ६८.६. जुन्या पिढीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असे; दशांशाचा भाग मुकाट्याने गळून पडे. उलट, ४५ मुलांच्या दोन तुकड्या करण्यासाठी ४५ ला २ ने भागणारी जुनी आज्ञावली नव्या पिढीत चालविली, तर तुकडीत साडेबावीस मुले दिसू लागतील. कंसाची चूक निदान ओरडून सांगते. भागाकाराची चूक तोंडातून अवाक्षर काढत नाही. आज्ञावली चालते, कागद छापला जातो आणि आकडा मात्र वेगळाच असतो.

तिसरे उदाहरण आपल्या लिपीचे आहे. ‘हेमलकसा’ या शब्दाची लांबी किती, असे ‘पायथन’ला विचारा. आपण वाचताना पाच अक्षरे मोजतो. नवी पिढी सात सांगते, कारण ‘ह’, ‘म’, ‘ल’, ‘क’, ‘स’ ही पाच व्यंजने आणि मात्रा व काना ही दोन स्वरचिन्हे ती वेगवेगळी मोजते. जुन्या पिढीत तोच शब्द साध्या पद्धतीने, यूटीएफ-८ या सांकेतिक रचनेत साठवलेला असेल, तर उत्तर येते २१! कारण या रचनेत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि जुनी पिढी अक्षरे न मोजता बाइट मोजते. जुन्या पिढीतही युनिकोडसाठी वेगळी सोय होती, पण ती आठवणीने वापरावी लागे. नव्या पिढीत सारा मजकूर मुळातच युनिकोड मानला जातो.

मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांचे जुने वाचक हे दुःख चांगले ओळखतात. एकेकाळी आमची पाने वाचण्याआधी प्रत्येक दैनिकाचा स्वतंत्र फाँट उतरवून घ्यावा लागत असे. एकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे आणि पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उभी राही. युनिकोडने ती अडचण दूर केली. मराठी मुलांच्या नावांच्या याद्या, अकारविल्हे, शोध अशी कामे संगणकाकडून करवून घ्यायची असतील, तर ‘पायथन’ची नवी पिढी मराठीसाठी वरदानच आहे. जुनी का सोडावी, याचे याहून चांगले कारण नाही.

मग जुनी ठेवावी तरी कशाला?

याची कारणे व्यवहारातील आहेत. पहिले कारण वर आलेच. चालते काम बंद पाडून भाषेची सुधारणा करता येत नाही. गुणपत्रक, साठा नोंदवही, दवाखान्यातील औषधांची यादी अशा छोट्या आज्ञावल्या लिहिणारा माणूस निघून गेलेला असतो, आज्ञावली मात्र रोज लागते.

दुसरे कारण शिक्षणाचे. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देतो. हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात, म्हणून हेमलकशासारख्या भागासाठी ते मोलाचे आहेत. मात्र त्यांतील ‘पायथन’ची एक मालिका ३.४.३ या आवृत्तीवर बेतलेली आहे. शिकणाऱ्याच्या संगणकावर याहून कितीतरी नवी आवृत्ती असेल आणि पडद्यावरील पाठाप्रमाणे करूनही एखादी गोष्ट तशी घडली नाही, तर तो स्वतःलाच दोष देतो. शिक्षक जवळ नसेल तर तेथेच शिकणे थांबते. पाठ ज्या आवृत्तीचा, तीच आवृत्ती शेजारी असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

तिसरे कारण जुन्या यंत्रांचे. शहरातील कार्यालयांनी काढून टाकलेले संगणक देणगीरूपाने दुर्गम शाळांत पोहोचतात. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर ‘पायथन’ची ३.४ ही शाखा शेवटची, ३.५ तेथे बसतच नाही. विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची, ३.९ पासूनच्या आवृत्त्या तेथे चालत नाहीत. म्हणजे ‘सर्वांत नवी आणा’ हा सल्ला नेहमी पाळता येईलच असे नाही.

चौथे कारण वेगाचे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरात एक नवी शाखा यावी, असा शिरस्ता ठरला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ आली. प्रत्येक शाखेला साधारण पाच वर्षे आधार मिळतो. नव्या शाखेत जुन्या काही सोयी काढूनही टाकल्या जातात. उदाहरणार्थ, ‘डिस्टयुटिल्स’ नावाचा जुना भाग ३.१२ मध्ये (२०२३) वगळण्यात आला आणि त्यावर विसंबलेली कित्येक पॅकेजे अडली. तेव्हा दोन पिढ्यांचा प्रश्न संपला तरी आवृत्त्यांचा प्रश्न संपत नाही.

येथे आकड्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. ३.१० ही ३.९ नंतरची आवृत्ती आहे, ३.१ नव्हे. हा दशांश अपूर्णांक नाही. ‘तीन-दहा’ असे वाचावे. तिसरा आकडा असेल, जसे ३.१२.४, तर तो केवळ किरकोळ दुरुस्तीचा क्रम असतो. विंडोजवर ३.८ आणि ३.१२ शेजारी-शेजारी राहतात, परंतु ३.१२.१ असताना ३.१२.४ बसविली, तर ती पहिलीची जागा घेते. ते योग्यच आहे.

हाक एकाला, ओ दुसऱ्याची

दोन आवृत्त्या बसविणे मुळीच कठीण नाही. प्रत्येक आवृत्ती स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. अडचण येते ती हाक मारताना. एकाच वाड्यात बाळू नावाची दोन मुले असतील आणि अंगणातून ‘बाळू’ अशी हाक मारली, तर दाराजवळ असेल तो बाळू धावत येतो. संगणकाचेही तसेच असते. तुम्ही ‘पायथन’ असे टंकित केले की तो एक यादी घेऊन बसतो. या यादीला ‘पाथ’ म्हणतात. त्यात फोल्डरांचे पत्ते क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या पत्त्यावर ‘पायथन’ सापडला तर तोच धावतो. पुढच्या पत्त्यांवर दुसरे कितीही असोत, त्यांच्याकडे पाहिलेही जात नाही. ‘मी तर नवी आवृत्ती बसविली, मग जुनीच का उघडते?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या यादीच्या क्रमातच असते.

उपाय सोपा आहे : पूर्ण नावाने हाक मारा.

विंडोजवर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ पासून एक छोटा द्वारपाल मिळतो. त्याचे नाव इंग्रजी ‘पी’ आणि ‘वाय’ या दोन अक्षरांचे. काळ्या चौकटीत ही दोन अक्षरे टंकित करून, जागा सोडून, आडवी लहान रेघ आणि तिला लागून शून्य लिहिले की संगणकावरील सर्व आवृत्त्यांची यादी समोर येते. शून्याच्या जागी २.७ लिहिले तर जुनी आवृत्ती धावते, ३.८ लिहिले तर ती धावते. पुढे आज्ञावलीच्या फाइलचे नाव द्यायचे, एवढेच. शाळेच्या लिपिकांच्या पडद्यावरील चित्रामागे ‘पीवाय, रेघ, २.७’ एवढे शब्द घातलेले असते आणि आम्ही जुनी आवृत्ती पुसली नसती, तर नववीचा वर्ग आणि गुणपत्रके दोन्ही एकाच दिवशी झाली असती. अलीकडे, ३.१४ च्या सुमारास, विंडोजसाठी नवा स्थापना-व्यवस्थापक आला आहे. तो हव्या त्या आवृत्त्या उतरवून बसवितो. हाकेची दोन अक्षरे मात्र तीच आहेत.

नवी आवृत्ती बसविताना ‘पाथमध्ये समाविष्ट करा’ अशी एक चौकट दिसते. संगणकावर आधीपासून काम चालू असेल तर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती चौकट रिकामीच ठेवावी. द्वारपालाला तिची गरज लागत नाही आणि जुन्या कामाचा क्रमही बिघडत नाही.

लिनक्सवर नावातच आवृत्ती लिहिण्याची पद्धत आहे. ‘पायथन३.८’ आणि ‘पायथन३.१२’ अशा स्वतंत्र नावांनी हाक मारता येते. मात्र येथे एक मोठा धोका आहे. लिनक्सच्या अनेक प्रकारांत, उदाहरणार्थ उबुंटूमध्ये, संगणकप्रणालीची स्वतःची काही अवजारे ‘पायथन’मध्येच लिहिलेली असतात. प्रणालीबरोबर आलेला ‘पायथन’ काढला किंवा त्याच्या नावामागे दुसरी आवृत्ती उभी केली, तर ही अवजारे बंद पडतात. रेड हॅट वर्गातील जुन्या प्रणालींमध्ये सॉफ्टवेअर बसविणारे ‘यम’ हे अवजारच ‘पायथन’च्या दुसऱ्या पिढीवर चालत असे. ज्यांनी उत्साहाने ‘पायथन’ बदलला, त्यांच्याकडे तो दुरुस्त करण्याचे अवजारही उरत नसे. म्हणून प्रणालीच्या ‘पायथन’ला हात लावू नये, आपला वेगळा बसवावा. डेबियनच्या २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून तर प्रणालीच्या ‘पायथन’मध्ये परस्पर पॅकेजे घालू लागल्यास संगणक स्वतःच अडवतो.

ज्यांना रोज अनेक आवृत्त्यांशी काम पडते, त्यांच्यासाठी खास व्यवस्थापक आहेत. लिनक्स व मॅकवर ‘पायएन्व्ह’ प्रसिद्ध आहे. कामाच्या फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत आवृत्तीचा आकडा लिहून ठेवला की त्या फोल्डरमध्ये शिरताच तीच आवृत्ती हाकेला ओ देते. २०१२ पासूनचा ‘कोंडा’ वैज्ञानिक कामात रुळलेला आहे. २०२४ मध्ये आलेला ‘यूव्ही’ आवृत्त्या, पॅकेजे आणि स्वतंत्र परिसर ही तिन्ही कामे एकट्यानेच आणि फार वेगाने करतो. मात्र ही सारी अवजारे निदान एकदा तरी इंटरनेट मिळेल, असे गृहीत धरतात.

एका छपराखाली वेगळी चूल

आवृत्त्या वेगळ्या झाल्या तरी आणखी एक भांडण उरते, ते पॅकेजांचे. समजा, दोन कामे एकाच ३.१२ वर चालतात. पहिल्याला तक्ते काढणाऱ्या पॅकेजची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. एका ‘पायथन’मध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती बसते. एकासाठी बदलले की दुसरे रुसते. एकत्र कुटुंबात असे झाले की वडीलधारी माणसे वेगळी चूल मांडून देतात. घर तेच, स्वयंपाक वेगळा.

‘पायथन’मधील ही वेगळी चूल म्हणजे आभासी परिसर, अर्थात ‘व्हेन्व्ह’. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ या नावाने ती प्रथम मांडली, ३.३ पासून ती भाषेबरोबरच मिळते. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये असा परिसर तयार करायचा, तो ‘सुरू’ करायचा आणि मग पॅकेजे घालायची. ती त्याच परिसरात राहतात, शेजारच्या कामाला त्यांची झळ लागत नाही. काम संपले, तर तो फोल्डर पुसून टाकावा. मूळ ‘पायथन’ जसाच्या तसा राहतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परिसर नवी आवृत्ती निर्माण करीत नाही. ज्या आवृत्तीने तो तयार केला, तीच त्यात वापरली जाते. म्हणजे ३.८ चा परिसर हवा असेल तर ३.८ आधी संगणकावर असली पाहिजे. दुसरे असे की, परिसराचा फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये. त्यात मूळ संगणकावरील पत्ते कोरलेले असतात. न्यायची असते ती पॅकेजांची यादी. ही यादी आवृत्तींच्या आकड्यांसह एका साध्या फाइलीत काढून घेता येते आणि तिच्या आधारे दुसरीकडे तोच परिसर नव्याने उभा करता येतो.

पेन ड्राइव्ह भरताना

आता पुन्हा आलापल्लीच्या रस्त्यावर येऊ. जेथे इंटरनेट नाही किंवा बेभरवशाचे आहे, तेथे सारी तयारी निघण्यापूर्वी करावी लागते आणि आवृत्तीचा प्रश्न येथेच सर्वांत महाग पडतो.

पॅकेज उतरवताना जी फाइल मिळते, तिच्या नावातच ती कोणासाठी आहे हे लिहिलेले असते. नावात ‘सीपी३८’ असेल तर ती ३.८ साठी, ‘सीपी३१२’ असेल तर ३.१२ साठी. त्यापुढे विंडोज की लिनक्स आणि ३२ बिट की ६४ बिट हेही असते. शहरातील आपल्या ३.१२ च्या संगणकावर उतरवलेली अशी फाइल शाळेतील ३.८ वर बसणार नाही. (काही साधी पॅकेजे सर्व आवृत्त्यांना चालतात, त्यांच्या नावात ‘पीवाय३’ असते. तरीही विसंबून राहू नये.) सुदैवाने पॅकेजे आणणाऱ्या ‘पिप’ या अवजाराला ‘मला अमुक आवृत्तीसाठी, अमुक प्रणालीसाठी, केवळ तयार फाइलीच उतरवून दे’ असे सांगता येते. एका पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेही ते आपोआप गोळा करते. शाळेत पोहोचल्यावर ‘इंटरनेटकडे पाहू नकोस, या फोल्डरमध्येच शोध’ असे सांगितले की काम होते.

म्हणून पेन ड्राइव्ह भरण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा आणि तिकडच्या संगणकाची प्रणाली कोणती, ३२ की ६४ बिट, आणि कोणकोणत्या ‘पायथन’ आवृत्त्या आहेत, हे विचारून घ्यावे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटलेला आहे. चुकीची फाइल नेली, तर पुढची फेरी कधी होईल ते आपल्या हाती नसते.

जुन्यालाही मर्यादा

जुने ठेवा म्हणजे जुनेच धरून बसा, असे नव्हे. आधार संपलेल्या आवृत्तीत सुरक्षेच्या नव्या त्रुटी सापडल्या, तरी त्या कोणी बुजवीत नाही. त्यामुळे २.७ वर चालणारे काम शक्यतो इंटरनेटपासून अलिप्त ठेवावे आणि सवडीने ते नव्या पिढीत आणावे. यासाठी ‘टू-टू-थ्री’ नावाचे रूपांतराचे अवजार ‘पायथन’बरोबरच मिळत असे. कंस घालण्यासारखे यांत्रिक बदल ते बिनचूक करते. भागाकार मात्र माणसानेच तपासावा लागतो. गंमत अशी की, हे अवजार ३.१३ पासून वगळले आहे. म्हणजे सर्वांत जुनी आज्ञावली सर्वांत नव्या आवृत्तीत आणायची असेल, तर मधली ३.१२ संगणकावर असलेली बरी! रूपांतरानंतर जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर एकच माहिती देऊन दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. ती तंतोतंत जुळेपर्यंत जुनीला निरोप देऊ नये. दोन आवृत्त्या एकत्र ठेवण्याचा हाच सर्वांत मोठा उपयोग आहे.

त्या शाळेत आम्ही पुढल्या खेपेला हेच केले. २.७.१८ पुन्हा बसविली, गुणपत्रकांची आज्ञावली नव्या पिढीसाठी लिहून काढली आणि एका इयत्तेचे निकाल दोन्हींवर काढले. चार मुलांच्या सरासरीत फरक निघाला. नीट पाहिल्यावर कळले की, नवी आकडेमोड बरोबर होती. जुनी आज्ञावली कित्येक वर्षे दशांशातील गुण गाळत आली होती आणि ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. लिपिक बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिले. मग त्यांनी कपाटातून मागच्या वर्षांची गुणपत्रके काढली.

या भागातील मुले घरी माडिया बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. सीमेवरच्या बाजारात तेलुगू, छत्तीसगढीही कानावर पडते. कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मराठी आली म्हणून माडिया काढून टाकावी, असे त्यांच्या मनातही येत नाही. नववीच्या त्या वर्गात ‘जुनी का पुसली?’ असा प्रश्न एका मुलीने विचारला होता. त्या दिवशी तिला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हे लक्षात ठेवा

० नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी संगणकावर आधी कोणत्या आवृत्त्या आहेत आणि त्यांवर कोणती कामे चालतात, याची यादी करा.

० चालू काम ज्या आवृत्तीवर आहे ती काढू नका. काढलीच, तर तिची स्थापना-फाइल आधी जपून ठेवा.

० नुसते ‘पायथन’ म्हणू नका. आवृत्तीसह हाक मारा.

० लिनक्समध्ये प्रणालीबरोबर आलेल्या ‘पायथन’ला हात लावू नका.

० प्रत्येक कामासाठी वेगळा परिसर तयार करा आणि पॅकेजांची यादी आकड्यांसह लिहून ठेवा.

० कोणते काम कोणत्या आवृत्तीवर चालते, हे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. तुम्ही नसाल तेव्हा तोच कागद कामाला येतो.